महानगरात साथ येते तेव्हा लहान आरोग्य केंद्राने काय करायचे?

प्रश्न असा आला आहे: "गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावरील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी चार वर्षे वैद्यकीय अधिकारी होते. करोनाच्या दोन्ही लाटा तिथेच काढल्या. आता मुंबईत एका नागरी आरोग्य केंद्रात रुजू होणार आहे. गावात प्रत्येक वाडीला आशा होती, ग्राम कृती दल होते, कोण आले आणि कोण गेले हे तासाभरात कळत असे. शहरात मोठमोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असताना पुन्हा अशी साथ आली, तर आमच्यासारख्या लहान केंद्राने नेमके काय करायचे?"

डॉक्टर, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो. मोठी रुग्णालये जवळ असली की लहान केंद्राचे काम कमी होते, असे तुम्हाला वाटते आहे. मी मुंबईच्या पूर्व उपनगरांत पालिकेचे आरोग्य केंद्र आणि दवाखाना मिळून बावीस वर्षे काढली. नंतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन दापोलीकडे गावी आलो आणि साथीच्या काळात इथल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून उभा राहिलो. दोन्हीकडचे पाहिल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. रुग्णालयाला दारात आलेला माणूस दिसतो, न आलेला दिसत नाही. करोनाच्या पहिल्या वर्षी बाधितांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचा आजार सौम्य होता आणि त्यांना खाटेची गरजच पडली नाही. साथ मुख्यतः घरांतून, चाळींतून, गल्ल्यांतून चालली होती. तिथपर्यंत जाण्यासाठी रुग्णालयाकडे माणसे नसतात, पत्ते नसतात आणि ओळखही नसते. या तिन्ही गोष्टी शहरात फक्त तुमच्या केंद्राकडे असू शकतात.

गावातील व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे मर्म लक्षात येत नाही. सपाटीच्या भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० ला एक उपकेंद्र, डोंगरी भागात अनुक्रमे २०,००० आणि ३,०००, आणि साधारण १,००० लोकांमागे एक आशा, हे प्रमाण तुम्हाला पाठ आहे. त्याचा खरा अर्थ असा की अमुक वाडीतील अमुक घर अमुक आशाचे आहे, आणि त्या घरातले कोणी वर्षभर दवाखान्याची पायरी चढले नाही तरी ते घर तिचेच राहते. शहरात ही वाटणी फार उशिरा झाली. १९४६ च्या भोर समितीपासून आपल्या आरोग्यव्यवस्थेचा भर खेड्यांवर राहिला. शहरांतील गरीब वस्त्यांसाठी आरोग्य केंद्रे, ज्यांना मुंबईत आजही सर्रास हेल्थ पोस्ट म्हणतात, ती १९८२ च्या कृष्णन समितीने सुचवली. मुंबईत त्यांना बळ मिळाले ते १९८८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याच्या प्रकल्पातून, आणि राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान यायला तर २०१३ उजाडले. या अभियानात ५०,००० लोकांना एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा असे प्रमाण ठरले. २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाखांवर गेलेल्या आणि त्यातील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहणाऱ्या शहराला ते प्रमाण गाठणे किती अवघड आहे, हे तुम्ही रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहाल.

मे २०२० मधील एक प्रसंग सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आहे. त्या महिन्यात चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावी येत होते. ग्राम कृती दलाने शाळेचे वर्ग रिकामे करून त्यांची राहण्याची सोय केली होती. एका संध्याकाळी टेम्पोतून सात माणसे उतरली. शाळेच्या पडवीत टेबल टाकून मी नाव, पत्ता, ताप, ऑक्सिजन अशा नोंदी करत होतो. त्यातील चाळिशीच्या एका गृहस्थाने हातातली प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे धरली. आत क्षयरोगाच्या गोळ्यांची जवळजवळ संपलेली पट्टी आणि घामाने लगदा झालेले उपचारपत्र होते. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. पत्रावरचे बाकी सगळे पुसले गेले होते, पण मुंबईतील आरोग्य केंद्राचे नाव कसेबसे वाचता येत होते. जुन्या सहकाऱ्यांना दोन-तीन फोन केल्यावर तिथल्या आरोग्य स्वयंसेविकेचा नंबर मिळाला. मी त्या माणसाचे नाव घेताच पलीकडून उत्तर आले, "तो होय, टाकीच्या मागच्या गल्लीतला, पोटमाळ्यावर राहतो. चौथा महिना चालू आहे त्याचा. त्याच्या भावाची बायको आणि बाळ पण आलंय का तिकडे? त्या बाळाला क्षय होऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत आणि गोवराचा डोस राहिलाय त्याचा." बाळ खरोखरच दुसरीच्या वर्गात आईच्या मांडीवर होते. दुसऱ्या दिवशी क्षयरुग्णांच्या नोंदीच्या ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीवरील त्या गृहस्थाचा क्रमांक शोधून उपचार आमच्या तालुक्याकडे वर्ग करून घेतले, तिसऱ्या दिवशी गोळ्या हातात आल्या आणि उपचारात एका दिवसाचाही खंड पडला नाही.

त्या बाईंनी फोनवर उत्तर देताना वही उघडली नव्हती. हजारो खोल्यांच्या वस्तीत त्यांना गल्ली, पोटमाळा, उपचाराचा महिना आणि भावाचे बाळ हे सगळे तोंडपाठ होते. म्हणजे वाडीला जशी आशा असते तशी चाळीला आणि गल्लीलाही कोणी असू शकते, आणि मुंबईत अशा हजारो स्वयंसेविका गेली कित्येक वर्षे काम करत आहेत. अडचण अशी की ती माहिती त्यांच्या डोक्यात राहते. बाईंची बदली झाली, त्या आजारी पडल्या किंवा त्यांचीच गल्ली बंद झाली, की केंद्र आंधळे होते. म्हणून माझे तुम्हाला पहिले सांगणे असे की साथ येण्याची वाट न पाहता ही माहिती कागदावर आणा, आणि ती स्वयंसेविकेच्या शेजारी बसून, तिच्या भाषेत लिहा.

या नोंदीत काय असावे याविषयी मी थोडा आग्रही आहे. कुटुंबातील माणसे आणि वये तर सगळेच लिहितात. त्यापलीकडे एका खोलीत रात्री प्रत्यक्ष किती जण झोपतात हे लिहा, कारण पाळ्यांनी काम करणारी मुले एकाच खोलीत आलटून पालटून झोपतात आणि शिधापत्रिकेवर त्यांचे नावही नसते. ते कुटुंब कोणते सार्वजनिक शौचालय वापरते हे लिहा. दाट वस्तीत संपर्काची साखळी खोल्यांच्या क्रमांकापेक्षा शौचालयाच्या रांगेतून अधिक नेमकी उलगडते. साठीच्या वरचे, मधुमेह आणि रक्तदाबाचे, डायलिसिसवरचे, क्षयाचे, गरोदर आणि दोन वर्षांखालील बाळ असलेले घर वेगळ्या खुणेने दाखवा. फोनचे दोन क्रमांक घ्या, त्यातील एक शेजाऱ्याचा. ताप आल्यावर हे लोक आधी कोणत्या खासगी डॉक्टरकडे जातात ते लिहा. आणि गाव कोणते तेही लिहा. शेवटची नोंद इतरांना अनावश्यक वाटेल, पण आपण कोकणातले लोक जाणतो की संकट आले की मुंबईची निम्मी चाळ गावाच्या वाटेला लागते, आणि त्या क्षणी खेड, राजापूर किंवा देवगडच्या डॉक्टरला तुमच्याकडून एक फोन गेला, तर पुढचा पंधरवडा दोघांनाही सोपा जातो.

धारावीचे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असते, त्याकडेही याच दृष्टीने पाहावे असे मला वाटते. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण नोंदला गेला. अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर जागा आणि आठ-दहा लाखांची वस्ती, बहुतेक लोक सार्वजनिक शौचालये वापरणारे. अशा ठिकाणी घरातच वेगळे राहा हे सांगणे व्यर्थ होते. पालिकेच्या जी उत्तर विभागाने स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघर तपासणी केली, तापाचे दवाखाने उभे केले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली आणि शाळा व क्रीडासंकुलात विलगीकरणाची, जेवणाची सोय केली. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला. त्यात कौतुकास्पद बरेच होते, पण ते पूर्ण चित्र नाही. त्याच महिन्यात मुंबईच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे आढळले. विषाणू आपल्या यादीच्या कितीतरी पुढे धावत होता. म्हणून शोधमोहिमेचा हेतू प्रत्येक लागण अडवणे हा असतो, असे मी आता मानत नाही. ज्याला धोका आहे तो माणूस दम लागण्याच्या आधी आपल्या नजरेत यावा, हा तिचा हेतू असतो, आणि तिथे धोक्याच्या घरांची खूण आधीच केलेली नोंद कामी येते.

शहराने शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे विभागवार वॉर रूम. सुरुवातीला खाटेसाठी सगळी मुंबई एकाच क्रमांकावर फोन करत होती. जून २०२० पासून २४ विभागांत स्वतंत्र वॉर रूम सुरू झाल्या, प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे येऊ लागले आणि विभागातील डॉक्टर रुग्णाला फोन करून खाट कोणती लागेल, लागेल की नाही, हे ठरवू लागले. ही रचना मला योग्य वाटते. मात्र फोनवरच्या डॉक्टरला पलीकडचा आवाज आणि अहवालावरचे वय एवढेच कळते. त्या पत्त्यावर खोली एकच आहे, म्हाताऱ्या आईला ऐकू येत नाही, मुलगा रात्रपाळीला जातो, हे तुमच्या केंद्राने कळवले तरच त्या निर्णयाला अर्थ येतो. साथीत रोज सकाळी वॉर रूमकडून तुमच्याकडे नावे यावीत आणि रोज संध्याकाळी तुमच्याकडून त्या नावांची प्रत्यक्ष स्थिती परत जावी, अशी दुहेरी वाट पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

आता घरी ठेवलेल्या रुग्णावरील देखरेखीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जीव वाचतात किंवा जातात ते इथे. करोनात पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ऑक्सिजन उतरू लागे आणि रुग्णाला मात्र बरे वाटत असे. गप्पा मारता मारता माणसाचा ऑक्सिजन ८५ टक्क्यांवर गेलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून दिवसांची मोजणी लक्षणे सुरू झाल्यापासून करा, अहवाल आल्यापासून नको. सहा मिनिटे चालण्याची चाचणी आपल्याकडे सगळ्यांना माहीत झाली: बसून ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा घ्यायचा, सहा मिनिटे सपाट जागी चालायचे, साठीच्या वरच्यांनी तीन मिनिटे, आणि पुन्हा आकडा घ्यायचा. तो ९४ च्या खाली गेला किंवा ३ अंकांपेक्षा जास्त उतरला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. दहा बाय दहाच्या खोलीत चालणार कुठे, हा प्रश्न शहरात येतोच. चाळीच्या सज्जातील फेऱ्या चालतील, पण शेजाऱ्यांशी आधी बोलून त्या वेळी सज्जा मोकळा ठेवावा लागतो, आणि ते बोलणे स्वयंसेविकाच करू शकते.

यंत्राच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आमचे पथक हर्णै बंदरावर गेले होते. लिलावाची वेळ जवळ आलेली, बर्फात मासळी निवडत बसलेल्या एका कोळीण मावशींच्या बोटाला आमच्या आरोग्यसेविकेने ऑक्सिमीटर लावला आणि आकडा आला ८३. बरोबरची स्वयंसेवक मुलगी घाबरून १०८ ला फोन लावू लागली. मावशी मात्र स्पष्ट, न थांबता बोलत होत्या, श्वास मिनिटाला १६ होता. मी त्यांची नाडी हाताने मोजली तर ती ७८ भरली आणि यंत्र नाडी ५२ दाखवत होते. नाडीच जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडा खरा कसा मानायचा? त्यांचे हात धुऊन, पुसून, दोन्ही तळव्यांमध्ये धरून पाच मिनिटे ऊब दिली आणि दुसऱ्या बोटाला यंत्र लावले. ९७ आले. बर्फाने बोटे गारठली होती. तेव्हापासून प्रत्येक पथकाला मी हेच शिकवत आलो: आधी श्वास मोजा, मग नाडी, मग यंत्र. नखावरचा रंग काढा, मेंदी असेल तर दुसरे बोट निवडा. याच्या उलट बाजूची सावधगिरीही सांगतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते, त्यामुळे ९४ आहे पण वाक्य बोलताना दम लागतो आहे असा माणूस असेल, तर दमावर विश्वास ठेवा.

औषधांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्येच आला होता की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा लाभ दिसत नाही. तरीही दुसऱ्या लाटेत पहिल्याच आठवड्यात, घरी असलेल्या मधुमेहींना स्टेरॉइड दिली गेली, रक्तातील साखर मोजली गेली नाही, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण डोळा आणि जबडा गमावून बसले. त्या रुग्णांपैकी दोघांना मी ओळखत होतो. प्राथमिक स्तरावरील डॉक्टरने एखादे औषध न देणे हेही उपचारात मोडते, आणि ते रुग्णाला पटेल असे समजावून सांगायला वेळ काढावा लागतो. पॅरासिटामॉल, पाणी, पालथे झोपणे, साखरेची आणि रक्तदाबाची नेहमीची औषधे न चुकता घेणे, आणि रोज एक फोन, एवढे पुरेसे असलेले रुग्णच बहुसंख्य होते.

साथीत प्रत्येक ताप त्या साथीचाच धरण्याची चूक दोन्हीकडे होते. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात लेप्टो (पुराच्या, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), हिवताप, डेंग्यू असतातच, आणि दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापही आहे. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोने काय केले ते मी स्वतः पाहिले आहे. गुडघाभर पाण्यातून कामावर गेलेल्या माणसाचे डोळे लाल असतील, पोटऱ्या दुखत असतील आणि लघवी कमी झाली असेल, तर स्वॅबच्या अहवालाची वाट पाहत दोन दिवस घालवणे त्याला परवडणार नाही. तापाच्या रुग्णाला विचारायचे प्रश्न आणि करायच्या चाचण्या एका कागदावर छापून ओपीडीच्या टेबलावर ठेवा.

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती नेहमीच्या सेवा थांबल्याची. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८.०५ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला म्हणून हा आकडा उतरला नाही. सहा लाख माणसे खोकत घरी राहिली, आणि दाट वस्तीत घरी राहणे म्हणजे काय ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०२२ च्या सुमारास गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला आणि मुले दगावली; त्यांतील अनेकांचे डोस साथीच्या काळात राहून गेले होते. ९ आणि १६ महिन्यांचा डोस चुकला की त्याची किंमत दोन वर्षांनी द्यावी लागते, आणि तोवर साथीची चर्चा संपलेली असते. माझ्या चुलत बहिणीच्या सुनेला एप्रिल २०२० मध्ये मुंबईत कळा सुरू झाल्या, तेव्हा तिचे ठरलेले प्रसूतिगृह बंद होते, दोन रुग्णालयांनी चाचणीचा अहवाल आणा म्हणून दारातून परत पाठवले आणि नऊ तासांनी तिसऱ्या ठिकाणी ती बाळंत झाली. बाळ आणि आई सुखरूप आहेत, पण त्या नऊ तासांत काहीही होऊ शकले असते. तुमच्या यादीतील प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढे अपेक्षित तारीख आणि प्रसूतीची दोन ठिकाणे लिहिलेली असू द्या, आणि साथ सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या दोन्ही ठिकाणी स्वतः फोन करून दार उघडे आहे का ते विचारा. डायलिसिसच्या रुग्णांचेही असेच करावे. लसीकरणासाठी केंद्रात गर्दी नको असेल, तर एखाद्या इमारतीखालची मोकळी जागा, मंडळाचा मांडव, देवळाचा सभामंडप, जिथे वारा खेळतो अशी कोणतीही जागा घ्या आणि दिवसाला वीसच बाळे वेळ देऊन बोलवा.

खासगी डॉक्टरांशिवाय शहरात यातले काहीही होणार नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरांतील साधारण एक चतुर्थांश आजारांवरच सरकारी रुग्णालयांत उपचार झाले. कारण स्पष्ट आहे. सकाळी आठला लोकल पकडणारा माणूस रात्री आठला परततो, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा दवाखाना उघडा असतो आणि आपला बंद. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेले आपला दवाखाना दुपारनंतर रात्रीपर्यंत चालतात, ही योग्य दिशा आहे, पण साथीची पहिली चाहूल अजूनही कोपऱ्यावरच्या त्या डॉक्टरलाच लागणार. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील प्लेग ओळखला तो मांडवीत रुग्ण तपासणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, वस्तीत व्यवसाय करणाऱ्या एका डॉक्टराने. त्यांच्या निदानानंतरही लोकांची पळापळ थांबली नाही आणि मुंबईतून बाहेर पडणाऱ्यांत रत्नागिरीचे गिरणीकामगार होतेच. सव्वाशे वर्षांनी मे २०२० मध्ये त्यांचेच पणतू टेम्पोतून उतरले. तुमच्या हद्दीतील दहा-बारा खासगी डॉक्टरांची नावे मिळवा, त्यांत होमिओपॅथी आणि आयुर्वेदाचे डॉक्टर वगळू नका, आणि प्रत्येकाला स्वतः जाऊन भेटा. त्यांना परिपत्रक पाठवून काही साधत नाही. रात्री साडेदहाला त्यांचा शेवटचा रुग्ण गेल्यावर दहा मिनिटे बसून चहा घेतला, तर "या आठवड्यात न्यूमोनियासारखे चार रुग्ण आले, काहीतरी वेगळे वाटते" असा फोन ते तुम्हाला आपणहून करतील.

स्वयंसेविकांविषयी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. साथीत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जवळ त्या गेल्या, आणि त्यांना मिळत होते ते मानधन. मास्क संपला तर पदर बांधून जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शिक्का बसायची भीती इतकी होती की लोक दार लावून घेत आणि काही स्वयंसेविकांना त्यांच्याच घरमालकांनी खोली सोडायला सांगितले. गावातही हेच झाले; शाळेत राहून आलेल्या चाकरमान्याला विहिरीवर जाऊ न देणारे लोक आपल्याच वाडीतले होते. अशा वेळी वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वयंसेविकेबरोबर त्या दारापर्यंत चालत जावे. डॉक्टर स्वतः आले, एवढ्यानेच गल्लीचा सूर बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली तरी दार उघडते. तिचे मानधन, विमा आणि हातमोजे यांसाठी कागदोपत्री पाठपुरावा करणे हे मी वैद्यकीय कामच मानतो, आणि तुम्हीही मानाल अशी खात्री आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात ओपीडीचे आकडे सुधारण्याच्या मागे लागू नका. हद्दीचा नकाशा काढून घ्या, नसेल तर स्वयंसेविकांकडून हाताने काढून घ्या, आणि आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याबरोबर एकेक गल्ली चाला. नळ कुठे येतो, रुग्णवाहिका कुठपर्यंत जाऊ शकते आणि तिथून पुढे खुर्चीत बसवून आणायला किती माणसे लागतील, कोणत्या मंडळाची खोली दहा खाटांना पुरेल, रात्री कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे नकाशावर मांडा. गुहागरला तुम्ही वाडीची प्रत्येक पाणंद पायाखाली घातली होती, तेच इथे करायचे आहे, फक्त इथे चढण जिन्यांची असेल. मात्र हे फिरणे मेअखेर उरकून घ्या, कारण जूनच्या पहिल्या पावसानंतर तापाचे रुग्ण सुरू झाले की टेबल सोडून उठायला तुम्हाला सप्टेंबरपर्यंत सवड मिळणार नाही.